कापूस पिक्सेलने, केळीचं पान व्हेक्टरने

शहाद्याच्या एका चित्रकला शिक्षिका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. श्रावणात गल्लीतल्या कानबाईच्या मांडवासाठी त्यांनी टॅबवर देवीचं चित्र रंगवलं. फाइल होती १९२० बाय १०८० पिक्सेलची. दहा फूट रुंद फ्लेक्सवर छापल्यावर चित्र फुटलं. फ्लेक्सवाले म्हणाले, "व्हेक्टरमध्ये करून आणा," म्हणजे पिक्सेलच्या चौकोनांऐवजी रेघांच्या गणिताने साठवलेलं, कितीही मोठं केलं तरी न फुटणारं चित्र. ताईंनी इंकस्केप हे व्हेक्टरचं सॉफ्टवेअर घेतलं, आठ दिवस झगडल्या, आणि हाती आलं ते स्टिकरसारखं सपाट, निर्जीव चित्र. त्यांना विचारायचंय की व्हेक्टरमध्ये खरंच रंगवता येतं, की ते फक्त लोगो आणि अक्षरांसाठी आहे? आणि ४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर काय वापरावं?

ताई, आधी हिशेब करू, कारण त्यातच तुमचे आठ दिवस वाया गेलेत. दहा फूट म्हणजे १२० इंच. १९२० पिक्सेल १२० इंचांत पसरले की एका इंचात १६ येतात, म्हणजे एकेक पिक्सेल दीड मिलिमीटरहून मोठा. दहा फुटांवरून बघताना निरोगी डोळ्याला साधारण ०.९ मिलिमीटरपर्यंतचा तपशील वेगळा ओळखता येतो. म्हणून पायऱ्या दिसल्या. तेच चित्र इंचाला ३६ पिक्सेल धरून काढलं असतं तर पिक्सेल ०.७ मिलिमीटरचा झाला असता आणि तेवढ्या अंतरावरून कुणाला कळलंही नसतं. बायका ओटी भरायला जवळ येतात म्हणून ७२ धरा. मग फाइल ८६४० बाय ४८६० ची होते, जवळपास ४ कोटी २० लाख पिक्सेल, एका लेअरला, म्हणजे एकावर एक ठेवायच्या थरांपैकी एकाला, सुमारे १६८ एमबी. तुमच्या लॅपटॉपवर चार-पाच लेअर ठेवून हे काम निघतं. कुणी "३०० डीपीआयच पाहिजे", म्हणजे इंचाला ३०० ठिपके, म्हणालं तर त्याला सांगा की या मापाला एकच लेअर २.९ जीबीचा होईल.

म्हणजे तुमचं चित्र लहान होतं म्हणून फुटलं. त्यासाठी व्हेक्टरकडे वळायची गरज नव्हती. दुकानात "व्हेक्टर करून आणा" म्हणतात ते पुढे जबाबदारी अंगावर येऊ नये म्हणून, आणि त्यांचंही चुकत नाही. रोज कुणीतरी मोबाइलवर आलेला फोटो घेऊन येतं आणि गेटएवढा करून मागतं.

मग व्हेक्टर लागतं कुठे? जिथे छपाईऐवजी पातं चालतं तिथे ते लागतंच. रेडियम कटिंग, लेझरवर कापलेली ॲक्रिलिकची अक्षरं, लाकडावर सीएनसीने, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्राने, कोरलेला दरवाजा, या सगळ्या यंत्रांना रंग कळत नाही. त्यांना वाट कळते, कुठून निघायचं, कुठे वळायचं, कुठे थांबायचं. एकच चित्र व्हिजिटिंग कार्डावर, पिशवीवर आणि कमानीवर जायचं असेल तिथेही ते लागतं. पण मला स्वतःला व्हेक्टर जडलं ते आणखी एका कारणाने. त्यात काढलेली रेघ दुसऱ्या दिवशीही ओली असते. काल काढलेली भुवई आज उचलून दोन अंश वळवता येते आणि खालचा रंग खरवडावा लागत नाही. मी भिंतीवर आणि पत्र्यावर ऑइलपेंटने बोर्ड रंगवत वाढलो. वाळलेली चूक पुसायला टर्पेंटाइन, मग पुन्हा अस्तर, मग पुन्हा अक्षर. ज्याने ते केलंय त्याला या ओल्या रेघेची किंमत कळते.

आता ही रेघ आत नेमकी कशी साठवतात ते समजून घ्या, कारण चित्र निर्जीव का झालं याचं उत्तर तिथेच आहे.

ठिपक्यांची रांगोळी आठवा. आधी ठिपके पडतात, मग बोट एका ठिपक्यातून निघून दुसऱ्यात शिरतं. मधली गोलाई ठिपक्यांत नसते, ती बोटाच्या ओढीत असते. व्हेक्टरमध्ये ठिपका म्हणजे नोड, आणि ओढ म्हणजे त्याला जोडलेला हॅंडल. दोन टोकं आणि दोन हॅंडल अशा चार बिंदूंवरून वक्र ठरतो. हे गणित मोटारगाड्यांच्या पत्र्यांसाठी जन्मलं. फ्रान्समध्ये पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ साली सिट्रोएनमध्ये ते मांडलं, आणि १९६० च्या दशकात पिएर बेझिए यांनी रेनॉमध्ये स्वतंत्रपणे वापरात आणून प्रसिद्ध केलं. म्हणून नाव बेझिएचं राहिलं. गाडीच्या बॉनेटला गुळगुळीतपणा हवा असतो, हाताचा कंप नको असतो. चित्रकाराला अनेकदा नेमका तो कंप हवा असतो. पहिला खटका इथे उडतो.

तुम्ही पेनने रेघ ओढता तेव्हा टॅब्लेट सेकंदाला शंभराहून अधिक बिंदू टिपतो. सॉफ्टवेअर ते सगळे ठेवत नाही. ठरावीक चूक सहन करत कमीत कमी वक्रांत ते बसवतं. १९९० साली फिलिप श्नायडर यांनी या कामाची एक रीत प्रसिद्ध केली आणि आजही अनेक साधनं तिच्याच वळणाने चालतात. ही सहनशीलता तुमच्या हाती असते. इंकस्केपच्या पेन्सिलला स्मूदिंगचा आकडा आहे. तो जास्त ठेवलात तर तुमच्या हाताची जागा यंत्राचा हात घेतो, आणि सगळ्या रेघा एकाच माणसाने आळसात काढल्यासारख्या दिसतात. तुमच्या देवीचा चेहरा तिथेच मेला असणार. आकडा खाली आणा, आणि एकच रेघ पाच वेगवेगळ्या आकड्यांवर काढून शेजारी ठेवून बघा.

दुसरी गोष्ट जाणकारसुद्धा नीट सांगत नाहीत. "व्हेक्टर ब्रश" हा शब्द तीन अगदी वेगळ्या चिजांसाठी वापरला जातो, आणि साधन निवडायचं ते या फरकावरून.

पहिल्या प्रकारात रेघेचा कणा साठवतात आणि कण्यावर जागोजागी जाडीचे आकडे टांगतात. ॲडोबीच्या इलस्ट्रेटर या व्हेक्टर सॉफ्टवेअरची विड्थ टूल, इंकस्केपचा पॉवरस्ट्रोक आणि ब्लेंडरमधली ग्रीस पेन्सिल या जातीच्या आहेत. कणा हलवला की जाडी त्याच्यासोबत हलते. सुधारणा करायला याच्यासारखं दुसरं काही नाही.

दुसऱ्या प्रकारात कणा राहतच नाही. तुम्ही ओढलेल्या फटकाऱ्याची बाहेरची कड काढून तिच्यात रंग भरतात. इलस्ट्रेटरचा ब्लॉब ब्रश आणि इंकस्केपचं कॅलिग्राफी टूल असं चालतं. फटकाऱ्यावर फटकारा दिला की आकार एकमेकांत मिसळवता येतात, मातीवर माती थापावी तसे. रंगवण्याची खरी चव मला इथे मिळते. पण वळण बदलायचं म्हटलं की दोन्ही कडा वेगवेगळ्या ओढाव्या लागतात आणि जाडी बिघडते.

तिसरा प्रकार क्लिप स्टुडिओ पेंट या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमधल्या व्हेक्टर लेअरचा. वाट व्हेक्टरने साठवायची, आणि तिच्यावर ब्रशचे ठसे पिक्सेलने उमटवायचे. रेघ खरखरीत पेन्सिलीची दिसते, तरी नंतर ओढून वळवता येते. दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथपर्यंतच पुसणारं तिथलं खोडरबर तर केसांच्या बटा काढताना वरदान आहे. पण हे चित्र रेडियमवाल्याच्या कामाचं नाही, कारण ब्रशच्या ठशांची ती खरखर पिक्सेलचीच असते. त्या लेअरवर बादलीने रंगही भरता येत नाही. तो वेगळ्या लेअरवर भरावा लागतो.

आणखी एक अडचण आहे, आणि तिच्यात चांगले चांगले अडकतात. एसव्हीजी या व्हेक्टर फाइलच्या खुल्या स्वरूपात एका रेघेला एकच जाडी असते. कमी-जास्त होणारी जाडी त्याच्या व्याकरणातच नाही. मग इंकस्केप काय करतं? पॉवरस्ट्रोकचा कणा स्वतःच्या खासगी नोंदीत ठेवतं आणि जगाला दाखवायला भरीव आकार तयार करतं. फाइल "प्लेन एसव्हीजी" म्हणून जतन केलीत की ती खासगी नोंद गळून पडते आणि उरतो फक्त आकार. म्हणून कामाची फाइल इंकस्केप एसव्हीजीमध्येच ठेवा, आणि दुकानात द्यायची प्रत वेगळी काढा. दोन फाइली, दोन नावं.

आता नोडांबद्दल. मला अक्षर शिकवणारे पेंटर आबा शिडीखाली उभे राहून अहिराणीत म्हणायचे, "हात थांबना, का रेघ मरी गयी." हात थांबला की रेघ मेली. प्रत्येक नोड म्हणजे हात थांबल्याची जागा. मांडीच्या एका गोलाईला चौदा नोड दिसले की समजायचं, इथे हात चौदा वेळा अडखळला. नोड कमी ठेवा, आणि जिथे वक्र सगळ्यात वर, खाली, डावीकडे किंवा उजवीकडे जाऊन परततो तिथेच ठेवा. हॅंडलची लांबी त्या तुकड्याच्या साधारण एक तृतीयांश धरून सुरुवात करा. पूर्ण वर्तुळ चार नोडांत होतं. हॅंडल त्रिज्येच्या ०.५५२३ पट ठेवला की खऱ्या वर्तुळापासूनचा फरक ०.०३ टक्क्यांच्याही आत राहतो. कुंकवाची टिकली काढायला चाळीस नोड लागत असतील तर ती हाताने काढलेली नाही, ट्रेस केलेली, म्हणजे पिक्सेलच्या चित्रावरून सॉफ्टवेअरने आपोआप काढलेली आहे.

सरावाला सारंगखेड्याच्या यात्रेतला घोडा घ्या. तुम्हाला तो जवळच आहे. कानाच्या टोकापासून मान उतरून पाठीच्या उंचवट्यापर्यंतची एकच रेघ फक्त तीन नोडांत काढा. पहिल्या दिवशी गाढव होईल, चौथ्या दिवशी मानेत ताठा येईल. मी शिकाऊ पोरांना हा एकच धडा महिनाभर देतो, आणि त्यानंतर बाकीचं त्यांना जवळजवळ सांगावं लागत नाही.

ऑटो ट्रेसबद्दल माझं मत कडक आहे. इंकस्केपमध्ये काळ्या-पांढऱ्या ट्रेससाठी पोट्रेस नावाचं इंजिन बसवलंय, पीटर सेलिंगर यांनी लिहिलेलं. शाईने स्वच्छ काढलेली रेघ, मोठी स्कॅन केलेली, त्यातून ते सुरेख बाहेर काढतं. पण रंगीत फोटो किंवा रंगवलेलं चित्र त्यात टाकू नका. सुरुवातीच्या काळात मी एका देवळाच्या गाडीवर लावायला नंदीचं चित्र असंच ट्रेस केलं आणि थेट प्लॉटरला, म्हणजे रेडियम कापणाऱ्या यंत्राला, पाठवलं. हजारो नोड, त्यात एकावर एक आलेले डुप्लिकेट आकार. पातं जागच्या जागी थरथरत राहिलं, रेडियम फाटलं, तीन मीटरचा रोल वाया गेला आणि दुसऱ्या दिवशीच्या मिरवणुकीत गाडी कोरीच गेली. चूक संपूर्ण माझी होती. मी फाइल आउटलाइनमध्ये उघडून बघितलीच नव्हती. इंकस्केपमध्ये व्ह्यू मेनूतल्या डिस्प्ले मोडमधून आउटलाइन निवडलं की रंग उतरतात आणि नुसत्या वाटा दिसतात. तेव्हापासून ते न बघता एकही फाइल मी पुढे पाठवलेली नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नावर येतो. व्हेक्टरमध्ये रंगवता येतं का? येतं, पण वस्तू बघून. केळीचं पान घ्या. मधला जाड दांडा, त्याला जवळजवळ काटकोनात जाणाऱ्या समांतर शिरा, वाऱ्याने शिरेच्या रेषेतच फाटलेल्या चिंध्या, आणि ऊन पडलं की एक बाजू पोपटी व दुसरी गर्द. पानाचा एक मोठा आकार काढा. सावलीचे तीन-चार आकार त्याच्यावर बेधडक, कडेबाहेर जातील असे टाका आणि पानाच्या आकाराने ते क्लिप करा, म्हणजे पानाबाहेरचं झाकलं जाईल. कड आपोआप स्वच्छ राहते आणि आतला हात मोकळा सुटतो. व्हेक्टर रंगकामातली ही सगळ्यात उपयोगी युक्ती, आणि नवशिके नेमकी हीच टाळतात. प्रत्येक सावली कडेला घासून बसवत बसतात. शिरा एक काढा, बाकीच्या तिच्या प्रती. रावेर-यावलकडची अख्खी बाग अशा दहा-बारा आकारांत उभी राहते.

आता शेजारच्या शेतातलं कापसाचं बोंड घ्या. फुटलेल्या बोंडाला कडच नसते. तंतू उजेड धरून ठेवतात आणि कापूस कुठे संपला, हवा कुठे सुरू झाली ते सांगता येत नाही. हे व्हेक्टरमध्ये करायला जाल तर ब्लर, म्हणजे कड धूसर करणारा परिणाम, लावावा लागेल, दहा ब्लर लागले की लॅपटॉप धापा टाकेल, आणि पीडीएफ काढताना ते ब्लर शेवटी पिक्सेलच होतील. ग्रेडियंट मेशने, म्हणजे जाळीच्या बिंदूंवर वेगवेगळे रंग देऊन ते एकमेकांत मिसळवण्याने, मऊ छटा जमतात. इलस्ट्रेटरमध्ये ती सोय जुनी आणि मुरलेली आहे, पण एका गालाला तास जातो. इंकस्केपमधली मेश ब्राउझरमध्ये तशीच दिसेल याचा भरवसा नाही. २००८ साली डिफ्यूजन कर्व्ह नावाची कल्पना संशोधकांनी मांडली. रेघेच्या डाव्या-उजव्या बाजूला वेगळे रंग द्यायचे आणि ते उष्णतेसारखे पसरू द्यायचे. कल्पना फार देखणी आहे. मला ती रोजच्या कामाच्या साधनात बघायची फार इच्छा आहे. तोवर कापूस पिक्सेलनेच रंगवा.

तुमच्या देवीच्या चित्रात दोन्ही आहे. मुखवटा, नथ, मुकुट, साडीचे काठ, रोटाचं ताट, कमान ही सगळी कडांची कामं. ती व्हेक्टरची. मागचा धूप, दिव्यांचा उजेड, गालावरची लाली ही पिक्सेलची. दोन्ही एकाच फाइलीत ठेवायला लाज वाटायचं काहीच कारण नाही.

साधनांचं झटपट सांगतो. तुमच्या लॅपटॉपवर इंकस्केप आणि क्रिता या रंगवायच्या सॉफ्टवेअरची जोडी पुरेशी आहे. दोन्ही फुकट आणि खुली. इंकस्केप २००३ साली सोडीपोडी नावाच्या प्रकल्पातून फुटून निघालं. १.० किंवा त्यापुढची आवृत्ती घ्या, कारण पेनच्या दाबाला ओळखणारी पेन्सिल त्यात आली. एडिट मेनूत इनपुट डिव्हाइस उघडून पेनला "स्क्रीन" मोड द्या, नाहीतर दाब कितीही द्या, रेघ एकाच जाडीची येईल आणि तुम्ही टॅब्लेटला दोष द्याल. क्रिता मुळात पिक्सेलचं आहे. त्यात व्हेक्टर लेअर आहे, ४.० पासून तो एसव्हीजीवर चालतो, पण नेहमीचा ब्रश त्या लेअरवर चालत नाही. तिथे पाथची साधनंच वापरावी लागतात. हे माहीत नसल्याने अनेकांना ते बिघडलंय असं वाटतं. कोरलड्रॉ हे व्हेक्टरचं सॉफ्टवेअर तुम्हाला शिकावंच लागेल असं नाही, पण आपल्याकडच्या बहुतेक फ्लेक्स आणि कटिंगच्या दुकानांत तेच चालतं, म्हणून तुमची फाइल त्यात कशी उघडते ते एकदा दुकानात बसून बघा. आयपॅड असेल तर ॲडोबीचं फ्रेस्को चांगलं आहे, व्हेक्टर आणि पिक्सेलचे ब्रश शेजारी-शेजारी मिळतात. मिसचीफ नावाचं एक फार वेगळं साधन होतं, अमर्याद कागद आणि कितीही झूम करा, तरी पेन्सिलीची खरखर कायम. ते बंद पडलं. मूळ चित्र नेहमी खुल्या स्वरूपात ठेवा असं मी सांगतो ते यामुळेच. एसव्हीजी हे २००१ सालापासून डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं जाहीर मानक आहे आणि साधी मजकुराची फाइल आहे. नोटपॅडमध्ये उघडली तरी तुमच्या रेघेचे आकडे वाचता येतात.

अक्षरांबद्दल एक गोष्ट, कारण कानबाईच्या चित्राखाली मंडळाचं नाव येणारच. इंकस्केपच्या कॅलिग्राफी टूलचा कोन सुरुवातीला ३० अंश असतो. तो रोमन लेखणीचा. आपल्या बोरूचा काप उलट बाजूला असतो, म्हणून त्या कोनावर काढलेलं देवनागरी अक्षर परकं दिसतं, आणि का ते चटकन कळत नाही. कोन शून्याच्या खाली न्या, कागदावर बोरूने "ठ" आणि "क" काढून ठेवा, आणि स्क्रीनवरची जाडी-बारीकी त्याच्याशी जुळेपर्यंत आकडा हलवा. मग तो आकडा लिहून ठेवा. टाइप केलेला मजकूर असेल तर देण्याआधी "ऑब्जेक्ट टू पाथ" करा. दुकानात याला "कर्व्ह करून द्या" म्हणतात. नाहीतर त्यांच्याकडे तुमचा फॉन्ट नसला की जोडाक्षरं सुटी पडून छापली जातील. मात्र मजकुराची एक न बदललेली प्रत जपून ठेवा, कारण अध्यक्षांचं नाव शेवटच्या दिवशी बदलतं.

फ्लेक्ससाठी पीडीएफ द्या, आणि इंकस्केप आरजीबीमध्ये, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत, काम करतं हे लक्षात ठेवा. झगझगीत हिरवा आणि जांभळा छपाईत बसतात, म्हणजे मलूल होतात. एक फुटाचा तुकडा आधी छापून बघायला सांगा. कटिंगसाठी रेघा "स्ट्रोक टू पाथ" करून, एकमेकांवर आलेले आकार "युनियन" करा, नाहीतर पातं आतल्या कडाही कापत जाईल.

आता तुमचं चित्र. आठ दिवसांची ती इंकस्केपची फाइल टाकून द्या आणि टॅबवरचं मूळ चित्र खाली, अर्धपारदर्शक करून ठेवा. ऑटो ट्रेस करू नका. त्याच्यावर मुखवट्याची कड सहा ते आठ नोडांत नव्याने ओढा. डोळ्यांच्या वरच्या पापण्या पॉवरस्ट्रोकने करा, कारण देवीची नजर तुम्ही दहा वेळा बदलणार आहात. धूप आणि लाली क्रितात ७२ वर रंगवून खालच्या लेअरला आणा. नथीचा मोती एकच काढा आणि बाकीचे कॉपी न करता क्लोन करा, म्हणजे ते मूळ मोत्याशी जोडलेले राहतील. रविवारी सकाळी स्थापनेआधी कुणी मावशी म्हणाल्या, "मोती जरा टपोरे पाहिजेत गं," तर तो एक मोठा करा. बाकीचे त्याच क्षणी टपोरे होतील.